एकेचाळीस गणपती आणि एक बधिर बोट

चेतासंस्थेचा धडा मी हायस्कुलात वर्षानुवर्षं शिकवला. फळ्यावर मेंदू काढायचा, पाठीचा कणा काढायचा, त्यातून फुटणारे धागे बोटांच्या टोकापर्यंत न्यायचे, आणि तापल्या तव्याला हात लागला की निरोप कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मी तरी वेगळं काय करत होते, पुस्तकातलं फळ्यावर उतरवत होते. तो धडा मला खरा समजला तो माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हातावरून, आणि सासरे होते जुने सातवी पास.

मी मूळची कट्ट्याची. एकोणीसशे ऐंशी उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मिठबावला आले. कट्टा म्हणजे बाजाराचं गाव. समुद्र आमच्याकडे यायचा तो मासळीच्या टोपलीत बसून. सासरी मात्र मागच्या माडांपलीकडे सरळ वाळूच. लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही अशी तक्रार मी माहेरी केली, तर आई म्हणाली, "घोवाच्या घोरण्यापरीस बरो." माहेरून मला एवढीच सहानुभूती मिळाली.

आमच्या घरी गणपतीची शाळा होती. मूर्ती घडवण्याच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. नागपंचमीच्या सुमारास गावातली घरं आपापला लाकडी पाट आणून द्यायची आणि सासरे त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडवायचे. कुठल्या पाटावर कोणाचं नाव हे लिहून ठेवावं लागत नसे, पाटाच्या कडेला हात फिरवला की त्यांना घर कळायचं. ही गोष्ट घडली ते माझं इथलं दुसरं वर्ष, आणि त्या वर्षी आमचा धरून एकेचाळीस पाट होते. माती मळायला आम्ही सगळे, अंगाचा रंग द्यायला माझा नवरा, दागिन्यांची सोनेरी सासूबाईंची. डोळे मात्र फक्त सासऱ्यांचे. एका घराच्या गणपतीचे डोळे एकाच हाताने उघडायचे, तो हात थकला की त्याच्या मुलाने, असा रिवाज. माझ्या नवऱ्याला रेघ येत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

सासऱ्यांना डोळे आखताना मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. झिरो नंबरचा ब्रश काळ्या रंगात टेकवायचा, टोक नखावर फिरवून तपासायचं, श्वास धरायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात. मी नवी सून, तोंडाने फटकळ, सहसा कोणाचं कौतुक पटकन न करणारी. पण त्या वेळी माझ्या तोंडून "बापरे" निघालं होतं. त्यांनी मान वर न करता "गप" म्हटलं होतं.

नारळी पौर्णिमेला गाव किनाऱ्यावर जमतं. पाऊस थोडा ओसरलेला, पण समुद्र अजून मातकट आणि खवळलेला. सासरे कमरेभर पाण्यात गेले, नारळ सोडला. लाटेने तो परत आणला. त्यांनी पुन्हा ढकलला, पुन्हा परत आला. किनाऱ्यावर हशा झाला. "ह्यो माका सोडूक बघणा नाय," असं ओरडत त्यांनी तिसऱ्यांदा नारळ उजव्या हाताने धरून जोरात लोटला आणि त्याच क्षणी हात असा झटकला की मला वाटलं, काचच लागली.

ते बाहेर आले तेव्हा मनगटापासून अंगठ्याजवळच्या पहिल्या बोटापर्यंत एक निळसर धागा गुंडाळलेला होता. टोकाला अंगठ्याएवढा फुगा, निळा, सुंदर. जेलीफिशला आमच्या किनाऱ्यावर झार म्हणतात. पावसाळी वारा लागला की या निळ्या झारी किनाऱ्याला येतात, हे कोळ्यांना माहीत, गणपतीवाल्यांना असायचं कारण नाही. सासऱ्यांनी फुगा उपटून फेकला, दात आवळले आणि घराकडे चालू लागले. कोणी काही विचारायच्या आत आम्ही अंगणात होतो.

पुढचं मी नीट सांगते, कारण ते सांगायला मला फार वर्षं लागली.

"पानी आण गो, हात जळता," ते म्हणाले. मी विहिरीचं गार पाणी आणलं, हातावर भडाभडा ओतलं आणि माझ्या तळव्याने खसाखसा चोळलं. धाग्याचे तुकडे चिकटलेले होते, ते निघावेत म्हणून आणखी जोरात चोळलं. त्यांच्या तोंडून असा आवाज आला की सासूबाई चुलीपुढून धावत आल्या. त्या येईपर्यंत सासऱ्यांनी तो हात माझ्याकडून सोडवून घेऊन कोपऱ्यातल्या पिंपात भिजत घातलेल्या शाडूच्या मातीत कोपरापर्यंत खुपसला होता. आमच्या घरात माती हे सगळ्यावरचं औषध होतं. भाजलं माती, गांधीलमाशी चावली माती, डोकं चढलं माती. ते मातीत हात घालून मूठ आवळत होते, उघडत होते, मळल्यासारखी माती दाबत होते. उभ्या कोकणात जेलीफिशचा डंख शाडूत मळणारा दुसरा माणूस झाला नसेल.

अर्ध्या तासात त्यांचा हात खांद्यापर्यंत पेटला. काखेत गोळा आला. कपाळावर घाम, पोटात ढवळणं, दंडाचे स्नायू आपोआप आवळायचे आणि सुटायचे. छातीवर कोणी बसलंय असं ते म्हणाले, तेव्हा माझा नवरा सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेला.

डॉक्टर घाटावरचे, नवे, स्कूटरवरून आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, एक इंजेक्शन दिलं, आणि सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात ठेवायला लावला. मग माती धुऊन खाली काय आहे ते पाहिलं आणि विचारलं, "ही माती कोणी लावली?"

"मियाच. आमच्याकडे सगळ्याक मातीच," सासरे म्हणाले.

"त्याआधी गोड्या पाण्याने धुतलंत?"

"धुतलंय."

"चोळलंत?"

"होय. मियाच."

मी दाराशी तांब्या हातात घेऊन उभी होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता ना? दंशपेशी शिकवल्या असतील." मी मान हलवली. शिकवल्या होत्याच. धाग्यावर हजारो बारीक कुप्या, प्रत्येकीत गुंडाळलेली सुई, स्पर्श झाला की सुई सुटते, प्राणी मेला तरी सुटते. मुलांना मी ही टीप पाठ करायला लावली होती, हमखास परीक्षेत येते म्हणून. डॉक्टर सांगत होते की समुद्राच्याच पाण्याने धुवायचं असतं, धागा चिमट्याने उचलायचा असतो. गोडं पाणी लागलं आणि चोळलं की न फुटलेल्या कुप्याही फुटतात. "जेवढं विष आत जायचं नव्हतं तेवढं घरी आल्यावर गेलं," ते म्हणाले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तांब्या खाली ठेवला. पाणी माझं होतं, चोळणारा हात माझा होता, आणि मी काही बोलले नाही.

जिवावरचं दोन दिवसांत टळलं. वेदना गेली. मग सासऱ्यांच्या लक्षात आलं की वेदनेबरोबर आणखीही काही गेलं आहे. अंगठ्याचं पेर, पहिलं बोट आणि मधलं बोट. हलत होती, पण लागत काही नव्हतं. "ही बोटा माझी नाय आता," ते म्हणाले. "कोणाची तरी सांभाळूक घेतल्यासारखी वाटतत."

डॉक्टरांनी टाचणी आणि कापूस घेऊन हात तपासला आणि समजावलं. आमच्या पोस्टात एकच टेलिफोन, ट्रंक कॉल लावला की तासन्‌तास वाट बघायची. त्याचाच दाखला देऊन ते म्हणाले, "तुमची तार तुटलेली नाही. विषाने त्या तारेवर इतका आरडाओरडा केला की ती थकून बंद पडली आहे. आता तुमचा कॉल लागत नाही. लागेल, पण कधी ते मी सांगू शकत नाही. पंधरा दिवस, दोन महिने."

चतुर्थीला सोळा दिवस उरले होते.

डॉक्टर गेल्यावर सासूबाईंनी सरळ विषय काढला. पलीकडच्या वाडीत दुसरी शाळा होती. आतापासून निरोप दिला तर तिथला माणूस डोळे आखून देईल. "लोकांचो सण आसा, तुमचो हट्ट नाय," त्या म्हणाल्या. सासूबाईंचं चुकत नव्हतं. आईबापांच्या काळापासून ज्या घराचा गणपती ज्या हाताने डोळे उघडतो, त्या घराला दुसऱ्याचे डोळे चालतील का हा प्रश्न होता, पण डोळेच नसलेला गणपती कोणालाच चालणार नव्हता. सासरे म्हणाले, "थोडे दिस थांब." सासूबाई थांबल्या, पण भांडी आपटणं थांबलं नाही.

एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याने ऑफिसातून येऊन, कपडे न बदलता, एका जुन्या कौलावर डोळे काढून पाहिले. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून. आम्ही तिघं कौलाभोवती उभे राहिलो. तो स्वतःच म्हणाला, "हेंका बघून वाटता, अर्जार सही मागतत." सासरे हसले. त्या आठवड्यात ते तेवढंच हसले.

मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. चहा ठेवायचा, मान खाली. रागीट माणसाची एक सोय असते, चूक दुसऱ्याची असली की त्याला तोंड फुटतं. स्वतःची असली की माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. तरी एक काम मी मागून घेतलं. रोज सकाळी ते डोळे मिटून अंगणात पाटावर बसायचे, हात गुडघ्यावर उताणा, आणि मी ब्रशचा एक केस त्यांच्या हातावर टेकवायची. लागलं तर "लागला" म्हणायचं, नाही तर गप्प. जिथे लागणं संपायचं तिथे ते डोळे उघडून डाव्या हाताने शाईच्या पेन्सिलीने ठिपका द्यायचे. सगळे ठिपके जोडले की बधिर भागाची सीमा तयार व्हायची. दुसऱ्या दिवशी नव्याने. डॉक्टर एकदा येऊन ती जांभळी रेघ बघत बसले. म्हणाले, "मी कॉलेजात असतो तर हा हात वर्गात नेला असता." डाव्या हाताने आखलेली ती हद्द माझ्या फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीपेक्षा सरस होती. आणि ते कधी खोटं "लागला" म्हणाले नाहीत. त्यांना घाई होती, उमेद हवी होती, तरी एकदाही नाही. मी मुद्दाम केस न टेकवता थांबून पाहिलं, ते गप्प बसले.

सीमा सरकत होती. मधलं बोट परत आलं, अंगठ्याचं पेर निम्मं परत आलं. पहिलं बोट मात्र टोकापर्यंत जांभळ्या रेघेच्या आतच.

आणखी एक गंमत. दहाव्या दिवशी, काही न लागता, हातावरचा डंख पुन्हा लाल होऊन उठला. धागा जसा गुंडाळला होता तसाच, मण्यांच्या माळेसारखा. खाज सुटली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शरीर आठवण काढतं. मी घाबरले, सासरे मात्र दारातल्या उजेडात हात फिरवून फिरवून बघत बसले.

"बघ गो, रेघ कशी मारल्यान ता. खंय तुटाक नाय, खंय जाड नाय. माका असली रेघ येवक चाळीस वर्सा लागली."

ज्याने हात निकामी केला त्याच्या कामाची अशी तारीफ करणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी माझं पुस्तक मागितलं. मी जेलीफिशचं चित्र दाखवलं, छत्री आणि खाली लोंबणारे धागे.

"हेचो मेंदू खंय?"

"मेंदू नाय, बाबा."

"डोळे?"

"ह्या निळ्याक डोळेय नाय."

"मगे तेका माझो हात कळलो कसो?"

"तेका काय कळाक नाय. लागला की सुई सुटता, इतक्याच."

मग पुस्तक मिटून माझ्याकडे देत म्हणाले, "म्हणजे तेचो माझ्यार राग नाय हुतो. बरा झाला." त्यांच्या आवाजात खरंच समाधान होतं. मला तिथे बसवेना, मी पुस्तक घेऊन आत गेले.

मधल्या काळात लोक येऊन जात होते. पाटाची चौकशी करायला म्हणून यायचे, हाताकडे बघायचे, पावसाबद्दल बोलायचे. जाताना एखादा विचारायचाच, "औंदा डोळ्यांचा काय?" सासरे म्हणायचे, "चतुर्थीक ये. पाट रिकामो जावचो नाय." लोक गेले की ते कौल घेऊन बसायचे. ब्रश धरता येत होता. हात फिरत होता. पण ब्रशचे केस पृष्ठभागाला लागले की नाही हे त्या बोटाला कळत नव्हतं. कधी ब्रश हवेतच फिरायचा, कधी इतका दाबला जायचा की रेघ पसरून अळीएवढी व्हायची. नजरेने बघून करावं, तर डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा आणि ब्रशच्या टोकावर स्वतःच्याच बोटांची सावली यायची. कौलं भरत गेली. सासूबाई ती धुऊन परत आणून ठेवायच्या, न बोलता. हे मला भांड्यांच्या आदळआपटीपेक्षा जड वाटायचं.

चतुर्थी पाच दिवसांवर आली. मी समोर बसून कौलाला तोंड लावल्यासारखी बघत होते, आणि ब्रश हवेत आहे हे मला माझ्या बाजूने स्वच्छ दिसत होतं. तो खाली आला, केस टेकले. शिकवणाऱ्या बाईंची खोड, चुकलं की बोलायचं आणि बरोबर आलं तरी बोलायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "टेकलो."

त्यांचा हात थांबला. "परत म्हण."

"काय?"

"टेकल्यार म्हण, टेकलो. दाबलो तर दाबलो म्हण. सुटलो तर सुटलो. दुसरा काय एक बोलू नको."

त्या संध्याकाळी आम्ही सात कौलं केली. पहिल्या चारांवर अळ्याच. पाचव्यावर पापणी आली. सातव्यावर आलेला डोळा बघून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि ते कौल काही धुवायला नेलं नाही.

मी किरकोळ रजा टाकली. हेडमास्तरांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "विज्ञानाच्या बाई गणपतीचे डोळे उघडायला चालल्या," आणि सही केली.

चार दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मध्ये गणपती. माझा गाल जवळजवळ सोंडेला लागलेला, डोळे ब्रशच्या टोकावर. टेकलो. दाबलो. सुटलो. टेकलो. पहिल्या मूर्तीला अर्धी सकाळ गेली. मला वाटलं होतं, हे म्हणजे मी सांगायचं आणि त्यांनी करायचं. तसं नव्हतं. माझा शब्द कानात शिरून, मेंदूपर्यंत जाऊन, तिथून हातापर्यंत उतरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रेघ बिघडते. फळ्यावर मी हेच बाण दरवर्षी काढत होते आणि त्यात वेळ जातो हे मला कधी सुचलं नव्हतं. त्यांना पहिल्या दोन तासांत कळलं. त्यांनी आपली चाळीस वर्षांची चपळ रेघ मोडली आणि माझ्या जिभेच्या वेगाची नवी रेघ बनवली, हळू, धीराची. तिसऱ्या मूर्तीपासून मी शब्द उच्चारायच्या आधी माझा ओठ हलतो तोही ते ऐकत असावेत असं मला वाटायला लागलं.

आणि त्यांचा विश्वास. माझ्या हाताने त्यांचा हात गेला होता, हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तोच माणूस गावाच्या एकेचाळीस घरांची पूजा माझ्या एका शब्दावर ठेवून निवांत श्वास धरत होता. मी चुकले तर ते "आं?" एवढंच म्हणायचे, ओला कापूस घ्यायचे, पुसायचे, पुन्हा. दुसऱ्या दिवशी माझी भीती गेली. त्यांच्याकडे सरळ बघून मी शब्द टाकू लागले. मध्येच चहाला थांबलो की गजाली सुद्धा व्हायच्या. कुठल्या घराला मोठे डोळे आवडतात, कुठल्या घरची म्हातारी दरवर्षी एक डोळा बारीक आहे म्हणून तक्रार करते.

या डोळ्यांची नजर दरवर्षीपेक्षा थोडी खाली होती. पहिला गणपती न्यायला आलेले लोक तिरप्या नजरेने न्याहाळत उभे राहिले. मी श्वास धरला. घरचा कर्ता म्हणाला, "औंदा बसलेल्याकडे बघता." पाट डोक्यावर घेतला आणि गेला. सासऱ्यांनी पुढचा पाट ओढला.

हरतालिकेच्या दिवशी दुपारपर्यंत चाळीस झाले. राहिला आमचा घरचा. मला निर्जळी उपास. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही आणि चार दिवसांचं "टेकलो, सुटलो" घशात. सासूबाई म्हणाल्या, "घोटभर पी, देव काय म्हणाचो नाय." मी हट्टाने प्यायले नाही. पाऊस लागला होता, दार अर्धं लोटलेलं. सासऱ्यांनी ब्रश नखावर फिरवला, श्वास धरला, ब्रश उजव्या डोळ्याकडे नेला. केस टेकले.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. घसा कोरडा ठक्क. मी गिळायला बघितलं, जीभ टाळूला चिकटली. आणि मी पाहिलं, ब्रश थांबलाच नाही. वरची पापणी एका दमात पूर्ण झाली, न दाबता, न सुटता, आदल्या वर्षी पाहिली होती तशी.

त्यांच्याही लक्षात आलं. ते ब्रश पाण्यात बुडवून उगाच ढवळत राहिले.

"कधीधरना?" मी कुजबुजले.

"काल सकाळधरना. सगळा नाय कळणा. टेकलेला कळता."

काल सकाळपासून म्हणजे अठरा गणपती. अठरा गणपतींना मी घसा फोडून सांगत होते आणि ते माझ्या शब्दासाठी थांबत होते.

"मगे सांगलात नाय कित्या?"

ते ब्रश पुसत म्हणाले, "पुनवेपासना तू माझ्याकडे मान वर करून बघूक नाय हुतंस. टेकलो म्हणाक लागलंस, तेवा बघूक लागलंस. माका वाटला, आसांदी आणखी दोन दिस."

मला रडू फुटलं. उपासाच्या पोटी रडायलाही पाणी नसतं, नुसते हुंदके. त्या हुंदक्यांत मी म्हटलं, "बाबा, पानी मिया वतलंय. चोळलंय पण मियाच. डॉक्टरांका तुमी..."

"माझ्याच हातार वतलंस मा? माका म्हायत नाय?"

एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. पाट थोडा फिरवला, म्हणजे गणपतीची डावी बाजू उजेडात आली. ब्रश काळ्यात बुडवला, टोक नखावर तपासलं आणि माझ्याकडे बघितलं.

"चल, डावो डोळो ऱ्हवलो. सांग."

"तुमका आता कळता, बाबा."

"कळता. तरी सांग."

त्यांनी श्वास धरला आणि ब्रश टेकवला. जेमतेम ऐकू जाईल असं मी म्हटलं, "टेकलो." त्यानंतरच त्यांनी रेघ ओढली.